खुलासा : मी रुसलेली नाही

सांगलीत आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी फिरतेय की हळदीकुंकवातून मी अर्ध्या तासात उठले, म्हणजे कुणावर तरी रुसले. तसं काही नाही. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, "काकू, निघते हं" असं सांगूनच निघाले.

"लाजाळू आहे हो ती" हेही चूक. रोज वर्गात पन्नास पोरांसमोर घसा फोडते मी! लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुख माणूस घोळक्यात नुसता दमतो, आणि मी तशी आहे. अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडली, रुसव्या-फुगव्याशी तिचा संबंध नाही.

सहा ते सात दार बंद असतं, तेव्हा मी चहा घेऊन गप्प बसलेली असते. सातनंतर खुशाल बेल वाजवा, भडंग असतंच घरात. भिशीला येईन. सहलीला नाही, आत्ताच सांगून ठेवते.