सहा साहेब आणि एक खुर्ची

शस्त्रास्त्र खात्याचं मंत्रिपद हवं असेल, तर आधी एवढं बघून घ्या की तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेला माणूस शहाणा आहे. शहाणा आणि वर तोंडाळ. सोव्हिएत संघात दिमित्री उस्तिनोव यांना असा पूर्वसूरी आयता मिळाला, बोरिस वान्निकोव. युद्धाच्या तोंडावर तोफखाना खातं सांभाळणाऱ्या मार्शल कुलिक यांनी स्टॅलिनच्या डोक्यात भरवलं की जर्मन रणगाड्यांपुढे आता ४५ आणि ७६ मिलिमीटरच्या तोफा चालायच्या नाहीत, १०७ ची करा. सगळ्यांनी री ओढली. वान्निकोव म्हणाले, हे चुकतंय. जून १९४१ च्या सुरुवातीला त्यांना उचललं आणि ९ जूनला खातं उस्तिनोवांकडे आलं. वय ३२, हुद्दा तोवर लेनिनग्राडच्या एका तोफांच्या कारखान्याचे संचालक. १३ दिवसांनी हिटलर सरहद्द ओलांडून आत.

इथे नवखा मंत्री गडबडतो. तुम्ही गडबडू नका. थांबवलेल्या ४५ आणि ७६ च्या तोफा निमूटपणे पुन्हा सुरू करा, १०७ चा विषय कुणी काढू नये एवढं बघा. स्टॅलिनला तेवढ्यात वान्निकोवांची आठवण झाली. कोठडीतच कागद देऊन त्यांच्याकडून टिपण लिहून घेतलं, की शस्त्रांचं उत्पादन वाढवायचं कसं. टिपण पसंत पडलं, माणूस सुटला. आणि नेमणूक कुठे? उस्तिनोवांच्याच हाताखाली, उपमंत्री म्हणून. ज्याची खुर्ची आपल्याला मिळाली तो तुरुंगातून थेट आपल्यासमोर फाइल घेऊन उभा. अशा वेळी 'या, बसा' एवढंच म्हणावं आणि कारखान्यांचा विषय काढावा. (बोलायला कारखान्यांचा विषय होताच. अख्खे कारखाने उचलून उरलच्या पलीकडे न्यायचे होते, आणि ते नेले. माणूस कामाचा होता हे मान्य करावंच लागतं, नाहीतर उपरोधालाही मजा येत नाही.)

दुसरा धडा म्हणजे कुणाला नको असलेलं काम घ्या. १९४६ साली रॉकेटं विमानवाल्यांना नको होती आणि वान्निकोव तोवर अणुबॉम्बला जुंपले गेले होते. उस्तिनोवांनी रॉकेटं पदरात घेतली. मॉस्कोजवळच्या पोदलिप्कीत तोफांचा कारखाना होता तिथे रॉकेट संस्था उभी राहिली. १९६१ मध्ये गागारिन अंतराळात जाऊन आला आणि उस्तिनोवांना 'समाजवादी श्रमवीर' या मोठ्या सरकारी किताबाचा दुसरा तारा मिळाला. रॉकेट करणाऱ्या कोरोल्योवचं नाव मात्र १९६६ मध्ये तो मरेपर्यंत सरकारी गुपित. तेव्हा करिअर करायचं तर रॉकेट करू नका, रॉकेटचं खातं सांभाळा.

साहेब बदलत राहतील. स्टॅलिन, मालेन्कोव, ख्रुश्चोव, ब्रेझनेव, आंद्रोपोव, चेर्नेन्को. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की हा माणूस आपलाच. उस्तिनोवांना हे जमलं म्हणून तर ऑर्डर ऑफ लेनिन, देशाचं सर्वोच्च पदक, ११ वेळा मिळालं. १९७६ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि त्याच वर्षी मार्शलही. युद्धात एकही सैन्य चालवलेलं नसलं तरी बिघडत नाही, पोशाख शिंपी शिवतो.

आता जरा जपून. इतकी वर्षं तुम्ही शस्त्रं बनवलीत, ती कुठे वापरायची हे विचारायची वेळ कधीतरी तुमच्यावरच येते. १२ डिसेंबर १९७९ ला पॉलिटब्यूरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, अफगाणिस्तानात सैन्य पाठवायचा ठराव केला. चेर्नेन्कोंच्या हस्ताक्षरातला एक कागद, वर मथळा 'अ मधील परिस्थितीबाबत'. देशाचं नाव लिहायचं धाडस कागदाला झालं नाही. ठरावामागे तेव्हाचे केजीबी (गुप्तहेर खातं) प्रमुख आंद्रोपोव, परराष्ट्रमंत्री ग्रोमिको आणि आपले उस्तिनोव. सेनादलप्रमुख ओगार्कोव नको म्हणत होते. म्हणजे पुन्हा एक वान्निकोव, फक्त या वेळी त्याला गप्प करणारे कुलिक तुम्ही. सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक गेले, अफगाण किती लाख ते ठरावात लिहायची गरज नव्हती.

राहिली स्मारकाची सोय. १९८४ च्या डिसेंबरात उस्तिनोव वारले आणि बंदुकांच्या इझेव्हस्क शहराला त्यांचं नाव दिलं. लोक कुरकुरत राहिले आणि १९८७ मध्ये त्यांनी जुनं नाव परत मिळवलं. म्हणून शहराच्या भानगडीत पडू नका, युद्धनौका मागून घ्या. 'मार्शल उस्तिनोव' ही क्रूझर अजून रशियन आरमारात आहे आणि तिच्याकडून आजतागायत नाव बदलायचा एकही अर्ज आलेला नाही.