गुलमर्ग स्की टूर : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

फेब्रुवारीच्या गुलमर्ग बॅचबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ‘अनुभवी स्कीअरसाठी उंचावरची शांत जागा’ अशी आमची जाहिरात होती, आणि प्रत्यक्षात गोंडोलाला (केबल कारला) जत्रेसारखी गर्दी, तिचा वरचा टप्पा तीन दिवस बंद, उतार ग्रूम केलेले (मशीनने सपाट केलेले) नाहीत, संध्याकाळी करायला काही नाही. शिवाय शेवटच्या दिवशी स्वच्छ ऊन असताना गाइडने तुम्हाला हव्या त्या उतारावर जाऊ दिलं नाही. म्हणून पैसे परत हवेत. पुढच्या सीझनचं बुकिंग करणारेही हे वाचणार, त्यामुळे उत्तर इथेच देतो.

गर्दी होती, खरं आहे. पण ती रांगेत होती. त्या रांगेतली बहुतेक मंडळी भाड्याचे गमबूट घालून वर जातात, फोटो काढतात आणि गोंडोलानेच खाली येतात. तुम्ही स्वतः टाकलेल्या अफरवाटच्या (गोंडोला जातो त्या डोंगराच्या) फोटोत आपल्या बॅचच्या खुणा सोडल्या तर उतार कोरा आहे. रांग टाळायला सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणून तर नाश्ता डब्यात घ्या असा आमच्या लोकांचा आग्रह असतो.

आता वरचा टप्पा. तुम्ही याआधी फ्रान्समध्ये व्हाल थोरान्सला स्की केलंय. तिथल्या सगळ्यात वरच्या लिफ्ट 3,200 मीटरच्या आसपास संपतात. गुलमर्गचा दुसरा टप्पा कोंगदूरीच्या मधल्या स्टेशनहून निघून सुमारे 3,950 मीटरवर नेतो. झाडं केव्हाच खाली राहिलेली असतात, धार उघडी, आणि वारा सुटला की केबिन चालवता येत नाहीत. पश्चिमी विक्षोभ आला, रात्रभर बर्फ पडला, तरी सकाळी लगेच वर सोडत नाहीत. स्की पेट्रोलिंगची टीम आधी स्फोट करून सैल बर्फ पाडते, मग टप्पा उघडतो. ज्या ताज्या पावडरसाठी (भुसभुशीत कोरड्या बर्फासाठी) आपण एवढ्या लांब जातो, ती पडते त्याच दिवसांत वरचा टप्पा बंद असतो, याला आम्ही काय करणार? बंद दिवसांचं गोंडोलाचं तिकीट तुमच्या बिलात लावलेलं नाही, एकदा तपासून घ्या. त्या दिवसांत बॅच बसूनही नव्हती. बाबा रेशी आणि द्रंगच्या बाजूला झाडांतून उतरून टॅक्सीने परत यायची. तुम्ही एक दिवस आलात, मग हॉटेलवर थांबलात.

ग्रूमिंगबद्दल एवढंच सांगतो की व्हाल थोरान्स ज्या थ्री व्हॅलीज भागात येतं तिथे 600 किलोमीटरच्या पिस्ट (आखून तयार केलेले स्कीचे उतार) आहेत. गुलमर्गला मशीन फिरवलेला भाग अगदी थोडा, आणि तो मुख्यतः शिकणाऱ्यांच्या कामाचा. इथे येणारा जाणकार स्कीअर त्यासाठी येतच नाही. संध्याकाळी बार आणि डीजे हवा असेल तर मात्र आमची जाहिरात तुमच्यासाठी नव्हती. बुखारीची (लाकडाच्या शेगडीची) ऊब, नून चहा (काश्मिरी खारा चहा) आणि साडेनऊला झोप, याला आम्ही शांत म्हणतो.

गाइडबद्दल तुम्ही ‘घाबरट’ लिहिलंय, ते मला खटकलं. स्फोट करून सुरक्षित केला जातो तो गोंडोलाखालचा मुख्य भाग. तुम्हाला जायचं होतं ते त्याच्या पलीकडे. बर्फाचे थर पक्के आहेत का ते बघायला तुमच्यासमोर गाइडने खड्डा खणला, बर्फाचा एक खांब मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि मनगटातून 10 टपल्या मारल्या. काही झालं नाही. मग कोपरातून मारायला लागला आणि काही टपल्यांतच वरचा थर अख्खा सरकून खड्ड्यात आला. ऊन पडलं म्हणून तो कच्चा थर जागेवरून जात नाही. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला एक रशियन. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं सगळं असलं तरी गाडलेल्या माणसाला पहिल्या 15 मिनिटांत काढता आलं तर खरं. त्या दिवशी ‘चला’ म्हणणारा गाइड मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता. या मुद्द्यावर एक रुपयाही परत मिळणार नाही.

फोनचं म्हणाल तर बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे निघण्याआधीच्या मेसेजमध्ये होतं. खोलीतल्या गीझरची तक्रार हॉटेलला कळवली आहे.

युरोपातही फ्रान्समधल्या ला ग्राव्हसारखी ठिकाणं आहेत. लिफ्ट 3,200 मीटरपर्यंत, खाली ग्रूमिंग नावाला नाही. तिथे गेलात तरी तुमचा रिव्ह्यू बहुधा असाच येईल. तुम्हाला व्हाल थोरान्सच मानवतं, आणि त्यात काही वावगं नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी : बुकिंग घेताना आम्ही फोनवर विचारतो, “वरचा टप्पा बंद असला तर दिवसभर काय कराल?” यापुढे ज्याचं उत्तर “मग आलो कशाला?” असं येईल, त्याचा ॲडव्हान्स आम्ही घेणार नाही.