आधी मेडिकल, मग फी

पायलट प्रशिक्षणावरच्या लेखातला "आधी प्रवेश घ्या, मेडिकल (आरोग्य तपासणी) नंतर होतंच" हा सल्ला अजिबात पटला नाही. आमच्या अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने कापसाचे पैसे आणि वर कर्ज काढून पोराची फी भरली. मेडिकलला रंग ओळखायच्या चाचणीत रंगीत ठिपक्यांतला आकडाच पोराला दिसेना! पहिला हप्ता गेला तो गेलाच. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) क्लास टू, मग क्लास वन मेडिकल सर्टिफिकेट हातात येईपर्यंत रुपयाही देऊ नका.

आणि लेखात परदेशात शिकण्याचा एवढा आग्रह कशाला? जळगाव, शिरपूरलाही प्रशिक्षण मिळतं. परदेशात उड्डाणाचे २०० तास भरले तरी इथल्या लायसन्ससाठी डीजीसीएचे पेपर चुकत नाहीत. संस्थेत शिकणाऱ्या पोरांना गाठून विचारा, चालू विमानं किती आणि महिन्याला प्रत्यक्ष उड्डाण किती तास मिळतं.