दाजी, 'सरकारी वकील' म्हणजे कोण ते आधी ठरवू

परवा रात्री पावणेबाराला दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर लाल दिव्यांचे सात-आठ इमोजी, खाली मजकूर. थोडक्यात असा: अमेरिकेत जेन केली नावाची बाई सरकारी वकील असून सरकारविरुद्धच लढली, वीस वर्षं गुन्हेगारांना सोडवत राहिली, ओबामाची वर्गमैत्रीण म्हणून थेट वरच्या कोर्टात न्यायाधीश झाली, आणि असले न्यायाधीश तिथे तुरुंगांची दारं उघडतात. अशांना पीडितांचं दुःख काय कळणार? शेवटी ठळक अक्षरांत, "आपल्या मुलींना असल्या वकिलीपासून लांब ठेवा."

ते शेवटचं वाक्य कुणासाठी होतं हे ग्रुपवर सगळ्यांना कळलं. माझ्या भाचीने, म्हणजे दाजींच्याच लेकीने, जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या सरकारी कार्यालयात, अर्ज केलाय. मी तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालतोय. एरवी असलं काही आलं की अंगठ्याचा इमोजी टाकून पुढे जातो. या वेळी जमलं नाही.

पीडितांचं दुःख कळत नाही, हा मुद्दा आधी घेतो, कारण डोकं त्यानेच फिरलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बाईंचं नाव शोधलं, वर्ग शोधला, पण २००४ साल त्याला दिसलं नाही. त्या वर्षी आयोवातल्या सीडर रॅपिड्स गावात केली सकाळी धावायला गेल्या होत्या. वाटेत एकाने त्यांना गाठलं, बेदम मारलं आणि अर्धमेल्या अवस्थेत टाकून दिलं. मारणारा कधीच सापडला नाही. तेव्हा त्यांना आरोपींचा बचाव करण्याच्या नोकरीत दहा वर्षं झाली होती. बऱ्या झाल्यावर त्या कुठे गेल्या? त्याच कार्यालयात, त्याच खुर्चीवर. पुन्हा आरोपींची कागदपत्रं वाचायला, कोठडीत जाऊन त्यांच्यासमोर बसायला. समोर बसलेला माणूस कोण असेल, हा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नसेल? मला तर आला असता. मी बहुधा दिवाणी दावेच घेत बसलो असतो. आणि या बाईंना पीडा म्हणजे काय ते शिकवणार कोण, तर रात्री पावणेबाराला गादीवर लोळत फॉरवर्ड करणारे!

आता 'सरकारी वकील असून सरकारविरुद्ध'. इथे तर हसावं की रडावं. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून उभा राहणारा. केली होत्या त्याच्या समोरच्या बाजूला. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी सरकारी पगारावर उभं राहायचं, हीच नोकरी. सरकारविरुद्ध लढणं ही गद्दारी नव्हे, पगारच त्याचा. कुणीतरी इंग्रजी मजकूर भाषांतराच्या मशीनमधून काढला, वाचलाही नाही, आणि तो आमच्या ग्रुपवर येऊन पडला. आपल्याकडे याच कामाला 'लोकअभिरक्षक' हा शब्द आहे. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ती योजना २०२२ पासूनची. दाजी, तुमच्या लेकीच्या अर्जावरही तोच शब्द आहे, बघा.

गुन्हेगारांना सोडवलं म्हणे. असा वकील अशील निवडत नाही, कोर्ट नेमून देतं. हे का, याचं उत्तर १९६३ च्या गिडियन खटल्यात आहे. फ्लोरिडातला क्लॅरन्स गिडियन, एका बिलियर्डच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप. वकील मागितला, मिळाला नाही, पाच वर्षांची शिक्षा. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला, सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी तो मान्य केला: वकील परवडत नसेल तर तो सरकारने द्यायचा. खटला पुन्हा चालला, या वेळी वकील होता, आणि माणूस निर्दोष सुटला. कुणी म्हणेल, अमेरिकेचं राहू द्या. मग कसाबचं घ्या. त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत वकील दिला, आणि २०१२ मध्ये येरवड्यात फाशीही झाली. त्याच निकालात कोर्टाने बजावलंय की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर 'तुला वकिलाचा हक्क आहे' हे मॅजिस्ट्रेटने सांगायचं. मी हे रिमांडच्या वेळी रोज बघतो. कुठे नीट सांगतात, कुठे पुटपुटतात.

तुरुंगाच्या दारांबद्दल फार लिहीत नाही. केली नेमल्या गेल्या त्या अपील कोर्टात सहसा तीन न्यायाधीश एकत्र बसतात, निकाल बहुमताने. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, खालच्या कोर्टाची कागदपत्रं आणि युक्तिवाद. एकटीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा नसतो.

ओबामांची वर्गमैत्रीण? हो, हे खरं आहे, हार्वर्ड लॉ, १९९१. मान्य. ओळख असल्याचा तोटा नक्कीच झाला नसेल. पण नेमणुकीला सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची, मान्यता लागते, आणि २४ एप्रिल २०१३ ला तिथे मतं पडली ९६ विरुद्ध ०. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे आयोवाचेच सिनेटर ग्रासली त्यांच्या बाजूने उभे होते. केलींनी तरुणपणी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते न्यायाधीश हॅन्सन, रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, त्यांनी ग्रासलींना शिफारसीचं पत्र लिहिलं होतं. वशिलाच म्हणायचा तर तो दोन्ही पक्षांचा म्हणा. आणि 'थेट'? १९९४ ते २०१३ एकाच कामात घालवल्यावर?

अजून एक कबूल करतो. पुढे बायडन यांनी अशा पार्श्वभूमीचे न्यायाधीश ठरवून नेमले. केटान्जी ब्राउन जॅक्सन त्यातल्याच, २०२१ मध्ये अपील कोर्ट, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट. ते धोरण पटो न पटो, त्यावर वाद घालता येतो. पण तिथल्या न्यायासनांवर शिक्षा मागणाऱ्या बाजूचे माजी वकील कितीतरी जास्त आहेत. त्यांच्याविषयी 'सगळ्यांना आत टाकतील' असा फॉरवर्ड मला तरी अजून आलेला नाही.

माल नवा नाहीच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी केलींचं नाव चर्चेत आलं, तेव्हा त्यांच्या एका घृणास्पद आरोपातल्या अशिलाचं प्रकरण काढून एका दबावगटाने टीव्हीवर जाहिरात चालवली होती. तीच शिळी कढी.

दाजी, भाचीची मुलाखत सोमवारी अकराला आहे. मी गाडी घेऊन नऊला दारात येतो. पुढची सीट तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय.