हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बाटल्यांची एकसष्ट झाकणे, शर्ट फाटून गेले तरी मागे उरलेली बटणे, दात पडलेला एक कंगवा आणि हरवलेल्या कुलपांच्या चार किल्ल्या आहेत. हा ऐवज टाकून द्यावा असे घरात अधूनमधून ठरते आणि प्रत्येक वेळी मी त्याचा स्थिरवस्तूंच्या छायाचित्रणासाठी उपयोग असल्याचे सांगून तो वाचवतो. १८६१ साली भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेलने लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेल्या तीन प्रतिमा पडद्यावर एकत्र करून जे आद्य रंगीत छायाचित्र दाखवले, ते एका साध्या चौकडीच्या रिबिनीचे होते, असा दाखलाही मी देतो. त्यावर पत्नी म्हणते, ‘‘त्यांनी रिबीन एकच ठेवली होती.’’

गेल्या रविवारी अखेर हा उपयोग सिद्ध करून दाखवणे भाग पडले. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावून ऊन मवाळ केले आणि निळ्या झाकणांना उठाव यावा म्हणून खाली नारिंगी कागद अंथरला. कागदाने झाकणांना उठाव दिला, पण मधल्या पांढऱ्या बटणाला कावीळही दिली. पुढचे-मागचे सारे स्पष्ट यावे म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ/११ इतके बारीक केले, आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १०० इतका कमी ठेवला, तेव्हा शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागले. तेवढ्यात जरा हादरा बसला तरी चित्र हलते, आणि आमच्या घरात कोणी न चालता, दार न आपटता अर्धा सेकंद जाणे किती दुर्मीळ आहे, हे मला प्रथमच कळले. पंखा अर्थातच बंद होता. कडेवर उभे केलेले लाल झाकण नेमके शटर दाबताना घरंगळे आणि ते टेबलाखालून शोधून आणेपर्यंत सावल्या सरकलेल्या असत. चकचकीत वाटणारी किल्ली पडद्यावर मोठी करून पाहिली, तर तिच्यावर धुळीचा थर होता आणि शेजारच्या झाकणात बनियनमधला मी, वाकलेला, स्पष्ट दिसत होतो.

सदतिसावे छायाचित्र मात्र खरोखर जमले. मुलीने ते मनापासून वाखाणले आणि विचारले, ‘‘बाबा, फोटो आला ना? मग आता हे सगळं टाकून देऊ?’’

मी चित्र पुन्हा निरखून पाहिले. किल्लीची सावली अंमळ कडक वाटली. ‘‘परत काढावे लागेल,’’ असे सांगून मी सारा ऐवज घाईघाईने खणात भरला.