‘हॉट शू सगळीकडे सारखाच, कोणतीही थंब ग्रिप घ्या’ : या सल्ल्यात खरं किती?

नागपुरातल्या हौशी फोटोग्राफर मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. हॉट शू म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, आणि थंब ग्रिप म्हणजे त्या खाचेत सरकवायची, अंगठ्याला टेकू देणारी धातूची पकड. मजकूर थोडक्यात असा: ‘हॉट शू जगभर एकाच मापाचा. त्यामुळे थंब ग्रिप कोणतीही घ्या, कोणत्याही छोट्या कॅमेऱ्याला बसते. तीनशेची आणि पाच हजारांची, दोन्ही एकच. पितळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. एकदा लावली की पट्टा काढून टाका. रात्रीचे फोटोही एका हाताने स्थिर येतात.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. घोळ होतो तो त्यानंतर.

‘एकाच मापाचा, म्हणून कोणतीही बसते’

फ्लॅश बसवायच्या खाचेचं माप आयएसओ 518 या मानकाने ठरलेलं आहे. आत सरकणारा पाय साधारण 18.6 मिमी रुंद आणि सुमारे 2 मिमी जाड असतो. पण थंब ग्रिपचं काम त्या पायाशी होत नाही. ते होतं दुसऱ्या टोकाला, जिथे अंगठा टेकायचा आकडा, म्हणजे हुक, उजवीकडे जाऊन मागे वळतो. शूपासून उजव्या डायलपर्यंत अंतर किती, डायल किती उंच, शूच्या मागच्या कडेपासून कॅमेऱ्याची पाठ किती मागे, यातलं काहीच कोणत्या मानकात नाही. प्रत्येक मॉडेलचं गणित वेगळं.

फुजीफिल्म एक्स100व्ही आणि एक्स100व्हीआय यांवर आयएसओ (म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) बदलायला शटर स्पीड डायलची बाहेरची कडी वर उचलून फिरवावी लागते. ग्रिपचा दांडा त्या कडीला चिकटून गेला, तर ती उचलताच येत नाही. याच कॅमेऱ्यांचं क्यू बटण अंगठा टेकतो त्या उंचवट्यावर आहे. आकडा दोन-तीन मिमी खाली आला की अंगठा त्यावर घसरतो आणि फोटोच्या ऐन वेळी मेनू उघडतो. रिको जीआर 3 वर अंगठ्याच्या जागी सेटिंग बदलायची एडीजे लिव्हर आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेला लांब आकडा नेमका त्यावर पडतो.

आणि शूच नसेल तर? सोनी आरएक्स100 मालिकेत फक्त मार्क 2 ला शू आहे. मार्क 3 पासून वर येणारा व्ह्यूफाइंडर आला आणि शू गेला. कॅनन जी7एक्सच्या तिन्ही आवृत्त्यांना शू नाही. जी5एक्सला आहे, पण जी5एक्स मार्क 2 ला नाही. अशा कॅमेऱ्यांना चिकटवायची पकडच घ्यावी लागते. सोनीची एजी-आर2 अशीच, पण ती पुढच्या बाजूला बोटांखाली लागते. चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि निदान एक दिवस वापरू नका, कारण असल्या दुहेरी टेपची पकड पूर्ण यायला वेळ लागतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणाऱ्याने तर चिकटवलेल्या पकडीवर फार विसंबू नये.

शू असेल तर खरेदीआधी व्हर्नियर कॅलिपरने तीन मापं घ्या: शूच्या मध्यापासून उजव्या डायलच्या कडेपर्यंत, वरच्या पत्र्यापासून डायलच्या माथ्यापर्यंत, आणि शूच्या मागच्या कडेपासून पाठीपर्यंत. घरी कॅलिपर नसेल तर इतवारीच्या लोहा ओळीत जाऊन या, तेवढंच फिरणं होईल. ग्रिपवर तुमच्या मॉडेलचं नाव असलं तरी मापं पडताळाच. ‘एक्स100 मालिकेसाठी’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही, कारण डायलवरची ती उचलायची कडी मालिकेच्या पहिल्या मॉडेलांवर नव्हती.

‘तीनशेची आणि पाच हजारांची एकच’

निम्मं खरं. मापात अचूक बसणारी स्वस्त ग्रिप चुकीच्या मॉडेलच्या महागड्या ग्रिपपेक्षा केव्हाही बरी. फरक पायाच्या तळाशी दिसतो, म्हणून विकत घेताना ती उलटी करून बघा. चांगल्या ग्रिपचा तळ मध्यभागी खोलगट असतो किंवा त्यावर प्लास्टिकची पट्टी असते, म्हणजे धातू शूच्या संपर्कबिंदूंना लागत नाही. अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमचा थर विजेला अडवतो. तो खरवडला की आतला धातू उघडा पडतो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही, पण फ्लॅश लावल्याचा गैरसमज कॅमेऱ्याने करून घ्यायला तेवढं पुरतं. काही कॅमेऱ्यांत शूच्या खाचेत बारीक स्विच असतो आणि पाय आत गेला की अंगचा फ्लॅश बंद होतो. त्यामुळे ग्रिप लावून एकदा फ्लॅश उडवून पाहा.

ग्रिप सैल बसली तर लोक साधी काळी इलेक्ट्रिकल टेप लावतात. नागपूरच्या 45 अंशांत तिचा डिंक पाझरतो आणि संपर्कबिंदूंवर बसतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे पिवळसर पारदर्शक हीट टेप मिळते, तिचा एक थर पायाच्या तळाला लावा. एकाने भागलं नाही तर दुसरा. तिसरा लागत असेल तर ग्रिप परत करा. फेविक्विकचं नावही काढू नका.

‘पितळी सर्वांत भारी’

भारी आहे, वजनाला. पितळेची घनता सुमारे 8.5, अॅल्युमिनियमची 2.7. तोच आकार अॅल्युमिनियममध्ये 20 ग्रॅम भरला तर पितळेत 60 च्या पुढे जातो. जीआर 3 बॅटरी-कार्डासह 257 ग्रॅमचा. त्यावर हे ओझं हाताला लगेच कळतं. शिवाय कॅमेरा पडला तर आधी ग्रिपचा मऊ पाय वाकलेला परवडतो, शू उखडलेला नाही.

‘पट्टा काढून टाका’

हे मात्र धोक्याचं. एक्स100व्हीआय 521 ग्रॅमचा. आकडा शूच्या मध्यापासून 40 मिमीवर असेल आणि सगळं वजन त्यावर आलं, तर तरफेच्या हिशेबाने शूच्या उजव्या काठावर वजनाच्या अडीचपटीहून जास्त, म्हणजे जवळजवळ 1.4 किलोचा ताण येतो. धक्का बसला तर त्याहूनही जास्त. आणि शू धरलेला असतो बारीक स्क्रूंवर. पट्ट्याची कडी वजन पेलायला केलेली असते, शू नाही. मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीत कोणाचा तरी कोपर लागणारच, तेव्हा मनगटाचा पट्टा असू द्या.

‘एका हाताने रात्रीचे फोटो’

अंगठ्याला टेकू मिळाला की शटर दाबताना कॅमेरा फिरत नाही. ग्रिपचा फायदा एवढाच, आणि तो छोटा नाही. पण 28 मिमीच्या लेन्सला 1/30 सेकंद आणि 35 मिमीच्या लेन्सला 1/40 सेकंदापेक्षा मंद शटरवर गेलात, की फुटाळा तलावाच्या काठावर डावा हात लेन्सखाली आणि कोपर अंगाशी लागतातच. जीआर 3 आणि एक्स100व्हीआय यांत सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, एक्स100व्हीमध्ये नाही. तिची उणीव ग्रिप भरून काढत नाही. चालता माणूस स्पष्ट हवा असेल तर 1/250 च्या आसपास जावंच लागतं, मग हात कितीही घट्ट असो.

एक गोष्ट या सल्ल्यात आलेलीच नाही: ग्रिप शू अडवते. रिकोचा जीव्ही-2 व्ह्यूफाइंडर वापरणाऱ्याला किंवा लग्नात फ्लॅशचा ट्रिगर लावणाऱ्याला ती दर वेळी काढावी लागेल. अशांनी थंब ग्रिपपेक्षा पुढच्या बाजूची पकड पाहावी.