मधपेटी सागाचीच हवी आणि आतूनही ऑइल पाजायला हवे?

नव्या मधपाळांना हमखास मिळणारा सल्ला असा: पेटी सागाचीच घ्यावी, तिला आतून-बाहेरून जळके ऑइल किंवा वाळवीचे औषध पाजावे, वरून ऑइलपेंट मारावा, मग वर्षानुवर्षे बघायला नको. यातला सागाचा भाग अर्धा खरा आहे. बाकीचा माश्यांच्या जिवावर बेतणारा आहे.

साग वाळवीला सहसा दाद देत नाही, पण तो गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. कडेच्या फिकट लाकडात तो नसतो. सागाचा खरा मोठेपणा असा, की तो ऋतूप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. पोळे धरणारी चौकट आणि पेटीची भिंत यांच्यात सातेरीसाठी, म्हणजे आपल्या देशी मधमाशीसाठी, साधारण ८ मिलिमीटरची वाट लागते. ती अरुंद झाली तर चौकट अडकते, रुंद झाली तर माश्या तिथे पोळे बांधू लागतात. म्हणून लाकूड कोणते, यापेक्षा ते नीट वाळलेले आहे का, हे आधी विचारावे. चांगली वाळवलेली शिवणही हे काम करते, शिवाय ती हलकी असते. सातेरीच्या पेटीत सांधे तर विशेष जपावे लागतात, कारण मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी झाडांची राळ आणून फटी बुजवते, सातेरी तसे करत नाही, आणि उघड्या फटी मेणकिड्याला आयत्याच सापडतात.

आतून औषध पाजणे हा सल्ल्यातला सर्वांत घातक भाग होय. मेण अशी द्रव्ये सहज शोषून घेते. लाकूड टिकवणाऱ्या रसायनांची मधपेट्यांवर अमेरिकेत चाचणी झाली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत पेंटाक्लोरोफेनॉल आणि तांबे-क्रोम-आर्सेनिकचे मिश्रण यांचा संबंध हिवाळ्यात माश्यांच्या वसाहती मरण्याशी किंवा माश्या, मध, मेण यांत अंश उतरण्याशी आढळला. जळक्या ऑइलचा उग्र वास हा वेगळाच प्रश्न. सातेरी तशीही पेटी सोडून जायला फार कारणे मागत नाही. मुळात वाळवी बहुधा जमिनीतून चढते, तेव्हा पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की ती आणि मुंग्या दोन्ही अडतात.

राहिला रंग. तो फक्त बाहेरून, फिकट छटेचा लावावा. पाणी मुख्यतः फळीच्या कापलेल्या टोकांतून मुरते, म्हणून तिथे दोन हात जास्त द्यावेत आणि पेटी दाराकडे किंचित उतरती ठेवावी. जवसाचे तेलही बाहेरून चालते, मात्र वास पूर्ण गेल्याशिवाय वसाहत भरू नये. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत.